लिव्होडोपा पुढे ढकलावी का?

पार्किन्सनचे, म्हणजे कंपवाताचे, निदान झाले की पुष्कळ ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "लिव्होडोपा आताच नको. आता घेतली तर पुढे तिचा गुण येणार नाही." मग वर्षभर शर्टाची बटणे दुसऱ्याकडून लावून घेतात. ही भीती कितपत खरी?

या आजारात मेंदूतले डोपामीन कमी पडते, म्हणून हालचाल मंदावते, हात थरथरतो, अंग ताठते. सुरुवातीची औषधे मुख्यतः तीन प्रकारची. लिव्होडोपाचे मेंदूत डोपामीन बनते. गोळीच्या डबीवर को-केरेलडोपा किंवा को-बेनेलडोपा असे नाव असते. रोपिनिरोल, प्रामिपेक्सोल ही औषधे डोपामीनची नक्कल करतात. रासाजिलीन, सेलेजिलीन आहे ते डोपामीन लवकर मोडू देत नाहीत. आजार मुळापासून बरा करणारे यांत कोणतेच नाही. त्रास मात्र कमी होतो.

भीती अगदीच निराधार नाही. काही वर्षांनी लिव्होडोपाचा परिणाम पुढच्या गोळीच्या आधीच ओसरू लागतो, कधी अंग आपोआप हलते. हे तरुणपणी आजार झालेल्यांत अधिक. पण दोष गोळीचा की आजाराचा? घानामधल्या रुग्णांना औषध उशिरा मिळे, इटलीतल्यांना लवकर. २०१४ मध्ये त्यांची तुलना झाली, तेव्हा हे त्रास दोन्हीकडे आजाराच्या साधारण त्याच टप्प्यावर सुरू झालेले दिसले. म्हणजे थांबून फारसे काही शिल्लक राहत नाही.

त्याच वर्षी ब्रिटनमधल्या 'पीडी मेड' चाचणीचे निष्कर्ष आले. १,६२० रुग्णांत लिव्होडोपा घेणाऱ्यांची हालचाल थोडी, पण टिकून राहणारी, सरस ठरली. दुष्परिणामांमुळे औषध सोडावे लागले ते लिव्होडोपावरच्या २ टक्क्यांना, नक्कल करणाऱ्या औषधांवरच्या २८ टक्क्यांना आणि तिसऱ्या प्रकारातल्या २३ टक्क्यांना. 'नाइस'ची २०१७ ची मार्गदर्शिकाही सांगते की रोजच्या जगण्यात अडचण येत असेल, तर आधी लिव्होडोपा द्यावी. त्रास किरकोळ असेल, तर तिन्हींतून निवडता येते.

लिव्होडोपाने मळमळते, उठताना चक्कर येते. मळमळीवर मेटोक्लोप्रमाइड मात्र घेऊ नका, त्याने कंपवात वाढतो. नक्कल करणाऱ्या औषधांचा एक दुष्परिणाम घरात बोलला जात नाही: जुगार, स्क्रॅचकार्डे, अनावर खरेदी, सतत खाणे, कामवासना वाढणे. माणूस लाजेने लपवतो आणि घरच्यांना वाटते, म्हातारपणी स्वभाव बिघडला. स्वभाव नव्हे, औषध! म्हणून गोळी सुरू करतानाच पत्नीला, पतीला, मुलांना सांगून ठेवा. असे काही दिसले तर पार्किन्सन नर्सला फोन करा, गोळी मनाने बंद करू नका. एकदम थांबवणे धोक्याचे असते. किप्पूरच्या उपासालाही हेच लागू. गोळ्यांचे काय करायचे ते डॉक्टरांना आधीच विचारा.

मुंबईहून कोणी कवचबीजाचे, म्हणजे खाजकुइलीच्या बियांचे, चूर्ण आणले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्या बियांत लिव्होडोपाच असते, आणि चमच्यात किती गेली ते कळत नाही.

गाडी चालवत असाल, तर निदान झाल्याचे डीव्हीएलएला कळवणे बंधनकारक आहे. म्हणून परवाना लगेच जातोच असे नाही. पण नव्या औषधाने बसल्या बसल्या एकाएकी डोळा लागत असेल, तर डॉक्टरांशी बोलेपर्यंत किल्ली दुसऱ्याच्या हाती द्या.