एका कालव्यापासून सुरुवात कर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. मथळाच दोन ओळींचा: 'आग्नेय आशियाई देशांतील पर्यावरण आणि आर्थिक विकास: एक चिकित्सक अभ्यास'. अकरा देश, तीस वर्षं आणि हातात दोन सत्रं. अगं, यात चिकित्सा कधी करणार? एम.ए.ला मीही असाच मोठा घास घेतला होता. वार्षिक अहवालांतली कोष्टकं उतरवून काढली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी एवढंच विचारलं, "यातलं एखादं गाव सांगा." एकही सांगता आलं नाही.

तू कुझनेट्सचा वक्र घेतला आहेस. देश श्रीमंत होत जाताना प्रदूषण आधी वाढतं, मग उतरतं. पण कुझनेट्सने 1955मध्ये जे मांडलं ते उत्पन्नातल्या विषमतेबद्दल. प्रदूषणाला तो आकार चिकटला ग्रॉसमन आणि क्रूगर यांच्या 1991च्या निबंधापासून, आणि त्यांनी तपासली होती शहरांतली हवा. हवा निवळते. सगळंच निवळत नाही.

मी तुझ्या जागी असतो तर बोर्निओ बेटावरच्या मध्य कालिमंतानमधला एक कालवा धरला असता. इंडोनेशिया 1984मध्ये तांदळात स्वयंपूर्ण झाला, पण ते टिकलं नाही. म्हणून 1995मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंनी दहा लाख हेक्टर पीटच्या दलदलीत भात पिकवायचं ठरवलं आणि हजारो किलोमीटर कालवे खणले गेले. पीट म्हणजे अर्धवट कुजलेला झाडपाला, हजारो वर्षं पाण्यात मुरलेला, काही ठिकाणी कित्येक मीटर खोल. पाणी आहे तोवर निवांत. कालव्याने पाणी ओढून नेलं की त्याचंच सरपण होतं. वरून विझलेली आग आत धुमसत राहते, थेट पाऊस येईपर्यंत. भात काही धड पिकला नाही. 1997च्या एल निन्योत ती जमीन पेटली आणि 1999मध्ये प्रकल्प गुंडाळला. कालवे मात्र राहिले. 2015मध्ये देशभरात सुमारे 26 लाख हेक्टर जळालं. जागतिक बँकेने नुकसान मांडलं 16 अब्ज डॉलर, म्हणजे त्या वर्षीच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळजवळ दोन टक्के.

आता तुझ्या विषयाचं हिशेबाचं टोक. जंगल तोडून लाकूड विकलं की ते उत्पन्नात जमा होतं. गेलेलं जंगल कुठल्याच रकान्यात खर्ची पडत नाही. धुराने आजारी पडलेल्यांचं दवाखान्याचं बिलसुद्धा जमेलाच! अर्थतज्ज्ञ रॉबर्ट रेपेटो आणि सहकाऱ्यांनी 1989मध्ये हा हिशेब दुरुस्त करून पाहिला. 1971 ते 84 या काळातली इंडोनेशियाची 7.1 टक्के वाढ, तेल, जंगल आणि माती यांची झीज वजा केल्यावर चार टक्क्यांवर आली. तो अहवाल आधी वाच, बाकीचं मागाहून.

मात्र जंगल आणि दलदल साफ करून तेलाचा ताड लावणाऱ्या कंपन्यांना शिव्या घालून मोकळी होऊ नकोस. तिथल्या ताडतेलाच्या, म्हणजे पामतेलाच्या, लागवडीचा मोठा हिस्सा छोट्या शेतकऱ्यांकडे आहे आणि त्या पैशावर पोरं शाळेत गेली आहेत. गिऱ्हाईकही लांबचं नाही. 2022च्या दिवाळीत रेशनवर 'आनंदाचा शिधा' मिळाला, त्यात एक लिटर पामतेल होतं. आपल्याकडे येणारं पामतेल बहुतेक इंडोनेशिया-मलेशियाचंच. तुझ्या आजीच्या चकल्या त्यातच तळल्या होत्या आणि तू दोन डबे हॉस्टेलवर नेलेस.

थोडी इंडोनेशियन शीक. गंबुत म्हणजे पीट, सावित म्हणजे तेलाचा ताड, काबुत आसाप म्हणजे धुराचं धुकं. एवढे तीन शब्द आले तरी तिथली वर्तमानपत्रं चाळता येतील.

दिवाळीला येशील तेव्हा नवा मथळा आण. त्यात एका नदीचं, निदान एका जिल्ह्याचं नाव हवं. नसलं तर मी वाचणार नाही.

तुझा,
मामा