फुलपाखरांची नवी जाती कशी ओळखतात?

पावसाळा सरत आला म्हणजे दिल्लीतील बागांच्या हिरवळीवर नखाएवढी निळसर फुलपाखरे जमिनीलगत उडताना दिसू लागतात. पाहणाऱ्यास ती सर्व एकाच प्रकारची वाटतात. परंतु त्यांत अनेकदा दोन-तीन जातींची सरमिसळ असते. झिझिना ओटिस आणि झिझीरिया कारसांद्रा ही दोन फुलपाखरे शेजारी ठेवली तरी त्यांतील भेद चटकन ध्यानात येत नाही. कारसांद्राच्या पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूस, मध्यकोष्ठात, एक बारीक ठिपका असतो. ओटिसला तो नसतो. एवढ्याशा ठिपक्यावरून दोन जाती निराळ्या मानाव्या काय? ठिपका ही केवळ खूण होय. ज्या प्राण्यांच्या परस्पर संयोगापासून प्रजननक्षम संतती होते, आणि अन्य समूहांशी ज्यांचा असा संबंध निसर्गात सहसा घडत नाही, त्यांची एक जाती, असे प्राणिशास्त्र सामान्यतः मानते. बाह्य खुणा या अलगपणाच्या द्योतक असतील तरच त्यांना किंमत.

नुसत्या रूपावर विसंबल्याने थोर शास्त्रज्ञही फसले आहेत. लिनीअसने १७५८ साली अल्माना आणि अॅस्टेरी अशा दोन फुलपाखरांना स्वतंत्र नावे दिली. एकाच्या पंखांच्या कडा कोनदार व खालची बाजू वाळक्या पानासारखी; दुसऱ्याच्या कडा सरळ आणि खालच्या बाजूस डोळ्यांसारखे ठळक ठिपके. पुढे असे कळून आले की, पहिले कोरड्या ऋतूतील आणि दुसरे पावसाळ्यातील, पण जाती एकच: जुनोनिया अल्माना. हे फुलपाखरू दिल्लीतही आढळते. बहाव्यावर वाढणाऱ्या कॅटॉप्सिलिया पोमोनाचीही हीच कथा आहे. त्याच्या क्रोकेल या रूपास बराच काळ निराळी जाती समजत असत.

म्हणून अभ्यासक पंखांच्या पलीकडे जातात. नराच्या उदराचे टोक दाहक पोटॅशच्या द्रावात मऊ करून सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या जननेंद्रियांची रचना तपासतात. ऋतुमानाने पंखांचा रंग पालटतो, ही रचना सहसा पालटत नाही. काम किचकट खरे, पण कित्येक जातींचा निर्णय यावरच लागलेला आहे.

या साधनांना अलीकडे डीएनए-परीक्षणाची जोड मिळाली. त्यासाठी फुलपाखराचा एक पाय पुरतो. पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांना स्वतःचे डीएनए असते. त्यातील एका जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचून इतर नमुन्यांशी ताडून पाहतात. हा तुकडा सर्व प्राण्यांच्या ओळखीसाठी वापरावा, ही सूचना कॅनडातील पॉल हेबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मांडली. पुण्यातील संशोधकांनी २०१२ साली पश्चिम घाटातील निम्फॅलिडी कुळाच्या फुलपाखरांचा याच रीतीने केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. एका जातीतील दोन फुलपाखरांत या अक्षरांचा फरक बहुधा फार थोडा, निराळ्या जातींत अधिक. परंतु अमुक टक्के फरक झाला की जाती निराळी, अशी रेषा निसर्गाने आखलेली नाही.

दिल्लीच्या हिरवळीवरील झिझिना ओटिसशी संबंधित एक उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. जपानमधील अशाच निळ्या फुलपाखराला पूर्वी ओटिसचीच उपजाती मानीत. २००८ साली जपानी संशोधकांनी डीएनए आणि शरीररचना यांची एकत्र तुलना करून ते झिझिना एमेलिना ही स्वतंत्र जाती ठरविले. हा केवळ नावाचा खटाटोप नव्हता. ओटिस आशियात विपुल आहे. एमेलिना मात्र गवताळ जागा नाहीशा होत चालल्याने जपानात संकटात सापडलेली आहे. विपुल जातीची एक शाखा नष्ट होणे आणि एक अख्खी जाती नष्ट होणे यांत जे अंतर आहे, ते येथे वर्गीकरणामुळे उघड झाले.

तथापि डीएनएचा पुरावाही दिशाभूल करू शकतो. तंतुकणिका फक्त मातेकडून येतात. त्यामुळे पूर्वी कधी संकर झालेला असल्यास एका जातीच्या तंतुकणिका दुसरीत शिरलेल्या आढळतात. व्होलबाकिया नावाचा जीवाणूही मातेकडूनच अंड्यात उतरतो. तो पसरताना एका मातृवंशाच्या तंतुकणिकाही सर्वत्र पसरतात आणि निष्कर्ष चुकतो. म्हणून सावध अभ्यासक केंद्रकातील जनुके तपासतो, सुरवंटाचे खाद्य आणि उडण्याचा काळ पाहतो, आणि निरनिराळे पुरावे एकाच दिशेने बोट दाखवीत असतील तरच नव्या नावाचे धाडस करतो.

नाव देतेवेळी एक नमुना आधारभूत म्हणून निश्चित करून तो संग्रहालयात ठेवावा लागतो. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत कीटकांचा राष्ट्रीय पुसा संग्रह आहे. ही संस्था मूळची बिहारमधील पुसा येथील. १९३४ च्या भूकंपानंतर, १९३६ साली, ती दिल्लीस आली. अशा संग्रहातील टाचणीला स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी लावतात. डीएनएसाठी पाय काढला असेल, तर त्या परीक्षणाचा क्रमांकही त्याच टाचणीवर लावून ठेवतात. कारण पुढे कोणी निष्कर्षाविषयी शंका घेतली, तर त्याला तेच फुलपाखरू पुन्हा हाती घेऊन पाहता आले पाहिजे.