बोक्याचा मधुमेह आणि सासऱ्यांची सिरिंज

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या बोक्याला मधुमेह निघालाय. डॉक्टरांनी दोन वेळा इन्सुलिन दिलंय. सासऱ्यांची सिरिंज, ग्लुकोमीटर चालेल का? तो जेवला नाही तर?
– एक वाचक, लातूर

उत्तर : सिरिंज आधी टोपण बघून घ्या. आपल्याकडे इन्सुलिन मिलिलिटरला 40 आणि 100 युनिट अशा दोन ताकदींचं मिळतं. 40ची सिरिंज लाल टोपणाची, 100ची केशरी. 100चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये भरलं, की डोस अडीचपट जातो; बोक्याच्या जिवावर बेतायला तेवढं पुरे. सिरिंज दर वेळी नवी.

ग्लुकोमीटर चालेल. कानाची कड कोमट कापडाने शेकून टोचा, थेंबभर रक्त पुरतं. माणसांचं यंत्र मांजराची साखर बहुधा कमी दाखवतं, म्हणून आकडे वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. डोस आपल्या मनाने वाढवू नका.

जेवला नाही, तर इंजेक्शनआधी डॉक्टरांना फोन करा. झोकांड्या खाऊ लागला, थरथरला, तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा आणि लगेच दवाखाना गाठा.

दूध-भाकरी बंद करायला हवी, मांजर मुळात मांसाहारी. पण तेही डॉक्टरांना सांगूनच, कारण पिष्ट घटलं की इन्सुलिनची गरज उतरते. काही मांजरांचं तर सुटतंही.

बाटली फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्या. गुंतागुंत वाटली तर उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे. जाताना वही न्या.