गोठा, तळे आणि दवाखाना : औषधांची धार बोथट होऊ नये म्हणून

आपल्या घरी रोज दूध येते, अंडी येतात, आठवड्यातून एखाद्या दिवशी मासळी किंवा मटण येते. यातील प्रत्येक वस्तू कोणत्या ना कोणत्या प्राण्यापासून आलेली असते आणि तो प्राणीही आपल्यासारखाच आजारी पडत असतो. त्या आजारात त्याला कोणते औषध दिले गेले, ते किती दिवस दिले गेले आणि औषध थांबल्यावर किती दिवसांनी त्याचे दूध वा मांस बाजारात आले, या प्रश्नांचा संबंध आपल्या घरातील आजारी माणसाशी कसा पोहोचतो, हे समजावून देण्यासाठी ही पुस्तिका आहे.

प्रारंभी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. "औषधाची शरीराला सवय झाली, आता ते लागू पडत नाही" असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः सवय शरीराला होत नाही. बदल घडतो तो जंतूंमध्ये. प्रतिजैविक दिले की त्याला बळी पडणारे जंतू मरतात आणि त्याला दाद न देणारे थोडे जंतू शिल्लक राहतात. त्यांना आता स्पर्धाच उरत नाही, म्हणून ते झपाट्याने वाढतात. याहून काळजीची गोष्ट अशी की औषधाला तोंड देण्याचा हा गुण एक जंतू दुसऱ्या, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. त्यामुळे गोठ्यात किंवा कोंबड्यांच्या शेडमध्ये निर्माण झालेला प्रतिरोध तेथेच अडकून राहत नाही. शेणखत, सांडपाणी, कच्चे मांस हाताळणारे हात, जनावरांची निगा राखणारी माणसे अशा अनेक वाटांनी तो घरात येतो. पुढे एखाद्या बालकाला साधा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला असता, पूर्वी हमखास गुण देणारी गोळी निरुपयोगी ठरते. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा औषधप्रतिरोधी जंतूंमुळे झाले, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला आहे.

लखनौची एक प्रयोगशाळा

या संकटावर सार्वजनिक खर्चाने जे संशोधन चालते, त्याचे एक महत्त्वाचे केंद्र लखनौ येथे आहे. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो ही भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था १९८३ साली अलाहाबाद येथे स्थापन झाली व पुढे लखनौला आली. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या शहरात माशांच्या आजारांचा अभ्यास व्हावा, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या देशात खाल्ल्या जाणाऱ्या माशांचा फार मोठा हिस्सा गोड्या पाण्याच्या तळ्यांतूनच येतो.

जलचर प्राण्यांच्या रोगांवर देखरेख ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला आणि त्याच्या समन्वयाची जबाबदारी या ब्युरोकडे आली. निरनिराळ्या राज्यांतील संस्था तळ्यांतून नमुने गोळा करतात आणि कोणता रोग कोठे डोके वर काढीत आहे याची नोंद ठेवतात. तिलापिया माशांना मारणारा एक नवा विषाणू भारतात आल्याचे २०१८ साली शास्त्रीय नियतकालिकातून जाहीर झाले, त्या अभ्यासात येथील शास्त्रज्ञांचा सहभाग होता. मत्स्यशेतकऱ्याने स्वतःच आपल्या तळ्यातील रोगाची माहिती छायाचित्रासह कळवावी यासाठी 'रिपोर्ट फिश डिसीज' हे मोबाइल ॲप ब्युरोने तयार केले असून जून २०२३ मध्ये ते शेतकऱ्यांसाठी खुले झाले.

रोग नेमका कोणता हे आधी कळणे इतके महत्त्वाचे का आहे? कोकणातील कोळंबी शेतकऱ्यांना 'पांढरे ठिपके' हा रोग चांगला परिचित आहे. तो विषाणूंमुळे होतो. माशांच्या अंगावर लाल व्रण पाडणारा, १९८८ साली भारतात आलेला रोग बुरशीसारख्या एका सूक्ष्मजीवामुळे होतो. या दोहोंवर प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नाही. तरीही मासे मरू लागले की घाबरलेला शेतकरी दुकानदार देईल ते औषध खाद्यात मिसळून तळ्यात टाकतो. आजारी मासा खाद्य घेतच नाही. औषध पोटात जाते ते निरोगी माशांच्या, आणि उरलेले पाण्यात विरघळते किंवा तळाच्या गाळात साचते. मासे वाचत नाहीत, पैसा जातो आणि गाळातील जंतू मात्र त्या औषधाला सरावतात. इतका तिहेरी तोटा करून घेण्यासाठी निदानाचे चार दिवस वाचविणे हा मोठाच महागडा व्यवहार होय.

जंतू कोणत्या औषधाला जुमानीत नाहीत हे पाहण्याची रीत साधी आहे. नमुन्यातील जंतू एका चपट्या काचपात्रातील पोषक थरावर पसरतात. त्यावर निरनिराळ्या प्रतिजैविकांत भिजविलेल्या कागदाच्या लहान चकत्या ठेवतात व पात्र रात्रभर उबेत ठेवतात. औषध प्रभावी असेल तर चकतीभोवती जंतूंविना स्वच्छ वर्तुळ दिसते. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. वर्तुळ फारच लहान राहिले किंवा उमटलेच नाही, तर ते औषध त्या जंतूपुरते बाद झाले असे समजावे. आपल्या डॉक्टरांनी 'लघवीचे कल्चर' करावयास सांगितले असेल, तर आपल्या नमुन्याचीही अशाच तत्त्वावर तपासणी झाली असेल. मत्स्य व पशुधन क्षेत्रांसाठी भारतीय कृषी संशोधन परिषद आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांनी मिळून प्रयोगशाळांचे एक जाळे उभे केले आहे. त्यात देशभर ही चाचणी एकाच पद्धतीने केली जाते, आणि २०१९ ते २०२२ या काळातील निष्कर्ष अहवालरूपाने प्रसिद्ध झाले आहेत. त्यातील मत्स्यविषयक कामात लखनौच्या ब्युरोचा मोठा वाटा आहे.

पुण्यात सुरू झालेले काम

रोग झाल्यावर औषध देण्यापेक्षा रोगच होऊ न देणे, हा प्रतिरोध टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय. या दिशेने आपल्या देशात झालेल्या कामाचा उगम महाराष्ट्रात आहे. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यातील विज्ञान महाविद्यालयात एक जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वरला हलविण्यात आली आणि कालांतराने तीच बरेलीजवळील इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. गावेच्या गावे गुरांविना ओस पाडणाऱ्या बुळकांडीवर शेळीच्या शरीरात सौम्य केलेल्या विषाणूची लस १९२० च्या दशकात मुक्तेश्वर येथेच तयार झाली. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त घोषित झाला आणि २०११ साली सारे जग. आज तरुण पशुपालकांना बुळकांडी हा शब्द केवळ म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकून ठाऊक असतो. लसीकरणाचे याहून बोलके यश दुसरे क्वचितच सापडेल.

लम्पी चर्मरोगाचा अनुभव अलीकडचा आहे. हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र व इज्जतनगरची संस्था यांनी विकसित केलेली लस १० ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस तिचे तंत्रज्ञान उत्पादनासाठी पुण्यातील औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला देण्यात आले. लम्पी हा रोग माणसाला होत नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे.

लाळ्या खुरकूत व सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. लाळ्या खुरकूताची लस दर सहा महिन्यांनी द्यावी लागते. सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना आयुष्यात एकदाच देतात. हा दुसरा रोग माणसालाही होतो. चढउतार होणारा ताप आणि महिनोन् महिने न सुटणारी सांधेदुखी अशी त्याची लक्षणे आहेत. म्हणून गाय किंवा म्हैस गाभडली असता मृत गर्भ व जार उघड्या हातांनी उचलू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा. घरात कोणास असा ताप रेंगाळत असेल आणि घरी गुरे असतील, तर दवाखान्यात तपासणीच्या वेळी गुरांचा उल्लेख अवश्य करावा. रोग्याने न सांगितल्यास ही गोष्ट डॉक्टरांना कळण्याचा अन्य मार्ग नसतो.

राखून ठेवलेले औषध

कोलिस्टिन नावाचे प्रतिजैविक आहे. अन्य औषधे थकल्यावर अतिदक्षता विभागातील रोग्याला वाचविण्यासाठी डॉक्टर शेवटी त्याच्याकडे वळतात. हेच औषध कोंबड्यांची वाढ लवकर व्हावी म्हणून खाद्यात मिसळले जात असे. २०१५ साली चीनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की कोलिस्टिनला दाद न देण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकतो. जुलै २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाने अन्नासाठी पाळलेले प्राणी, कुक्कुटपालन, मत्स्यशेती व पशुखाद्य यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली. आपल्या शेडमध्ये जुन्या साठ्यातील अशी पाकिटे असल्यास ती वापरू नयेत आणि ओढ्यात वा उकिरड्यावरही टाकू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून त्यांची विल्हेवाट लावावी.

दूध, विरजण आणि दिवसांचा हिशेब

प्रत्येक पशुऔषध दिल्यानंतर ते जनावराच्या शरीरातून निघून जाण्यास काही काळ लागतो. तोवर त्याचे दूध, अंडी वा मांस खाण्यासाठी वापरता येत नाही. हा काळ औषधाच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. तो निश्चित केलेला नसेल तेव्हा नियमानुसार दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरावे लागतात. माशांच्या बाबतीत हिशेब निराळा आहे. माशाचे शरीर पाण्याइतकेच गरम वा थंड असते आणि थंडीत औषध सावकाश बाहेर पडते. म्हणून पाण्याचे तापमान व दिवस यांचा गुणाकार ५०० भरला पाहिजे. पाणी २५ अंश असेल तर २० दिवस, २० अंश असेल तर २५ दिवस.

कासदाह झालेल्या गाईच्या सडात औषध सोडले की तिचे दूध घरातील इतर दुधात मिसळू नये. अशा दुधाला नीट विरजण लागत नाही, असा अनेक गृहिणींचा अनुभव आहे. विरजणातील जंतूंना प्रतिजैविक जगू देत नाही, हे त्याचे कारण. अर्थात, थंडीत किंवा जुन्या विरजणामुळेही दही बिघडते. म्हणून एका दिवसाच्या दह्यावरून दूधवाल्याला दोष देऊ नये. तथापि असे वारंवार घडत असल्यास त्याच्याकडे विचारणा करण्यास हरकत नाही. दूध उकळल्याने त्यातील जंतू मरतात, परंतु औषधाचा बहुतेक अंश तसाच राहतो. उकळणे आवश्यकच आहे. पण औषधाच्या अंशावर तो उपाय नव्हे.

कच्चे मांस व मासळी चिरण्याची पाटी आणि सुरी किंवा विळी कोशिंबिरीसाठी तशीच वापरू नये. साबणाने धुवावी, हातही धुवावेत. ज्या गोळ्यांच्या पट्टीवर लाल उभी रेघ आहे, त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नयेत. घरात उरलेल्या गोळ्या शेळीला वा कोंबड्यांना देणे किंवा जनावरासाठी आणलेले इंजेक्शन दुसऱ्या जनावराला अंदाजाने टोचणे, हे दोन्ही प्रकार टाळावेत. गोठ्यात एक वही ठेवावी. जनावर, औषधाचे नाव, पहिला व शेवटचा दिवस आणि दूध पुन्हा कधी वापरावयाचे ती तारीख, एवढे लिहिले तरी पुरे.

माणूस, पशू आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्रित अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर येथे झाली आहे. तूर्त आपले जनावर आजारी पडल्यास नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे किंवा १९६२ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करावा. दूरध्वनी करताना जनावराचे वय, आजाराचा पहिला दिवस, दिलेली लस आणि आधी कोणते औषध दिले असल्यास त्याचे नाव सांगावे.