नदीवर जाण्याआधी

डेन्व्हर

चि. चिऊ,

तुझ्या मेसेजच्या आधीच ताईचा पुण्याहून फोन येऊन गेला. "सायकल चालवायची तर चालव, होडीत बसायचं तर बस, पण सायकल होडीवर बांधून नदीतून न्यायची ही कुठली तऱ्हा? वर त्याचे पैसे द्यायचे?" मी तिला म्हटलं, गाईड आहे बरोबर, काळजी करू नकोस. फोन ठेवल्यावर मनात आलं, हे वाक्य ताईसाठी ठीक आहे. तू मात्र त्यावर विसंबू नकोस. म्हणून हे पत्र. मेसेजमध्ये मावलं नसतं.

कोलाडला कुंडलिकेत तू मैत्रिणींबरोबर राफ्टिंगला गेली होतीस, ते विसर असं मी म्हणत नाही, पण त्याचा इथे फारसा उपयोग नाही. तिकडे भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटतं, एका राफ्टमध्ये सात-आठ जण बसतात, मागून गाईड हुकूम सोडतो आणि दिशाही तोच सांभाळतो. वल्हं मारल्याचं नुसतं नाटक करणारे एक-दोघं प्रत्येक राफ्टमध्ये असतातच, तरी राफ्ट सुखरूप काठाला लागते. तुझी पॅकराफ्ट ही एका माणसाची होडी. गाईड त्याच्या होडीत, तू तुझ्या. तो पुढे राहील, हात करून वाट दाखवेल, तू पाण्यात पडलीस तर मदतीला येईल. पण तुझ्या वाटचं वल्हं मारायला तो तुझ्या होडीत येऊ शकत नाही. सहलीचे पैसे भरले म्हणजे अक्कलही त्याच्याकडे जमा केली, असं करू नकोस.

तुमचा बेत मला आवडला. लोमाला होडी पाण्यात घालायची, कोलोराडो नदीवरून हॉर्सथीफ आणि मग रूबी कॅन्यनमधून सुमारे २५ मैल वाहत युटामधल्या वेस्टवॉटरला उतरायचं, मध्ये एक रात्र नदीकाठी. आणि परतीला होडी पाठीवर घेऊन कोकोपेली ट्रेलवरून सायकलने लोमाला. एरवी राफ्टवाल्यांना गाडी एका टोकाला ठेवून दुसऱ्या टोकाला यायचा जो द्राविडी प्राणायाम करावा लागतो, तो इथे नाही. नदी खाली नेते, सायकल वर आणते. हा ट्रेल १९८९ साली आखला गेला, लोमापासून मोआबपर्यंत १४२ मैलांचा आहे. तुमच्या वाट्याला त्याचं पहिलंच टोक येईल, पण तेवढ्यातही सॉल्ट क्रीकजवळ सायकल हाताने चढवावी लागते. दमल्यावर सायकल ढकलण्यात कमीपणा मानू नकोस.

सप्टेंबरअखेरीस जाताय हे उत्तम. मे-जूनमध्ये रॉकीजमधला बर्फ वितळून हीच नदी फुगते, पाणी बर्फगार असतं आणि वाटेतल्या ब्लॅक रॉक्सपाशी भोवरे फिरतात. सप्टेंबरात ती बरीच शांत असते. शांत म्हणजे निरुपद्रवी नव्हे. टिळक तलावावर तू लांबी-रुंदी मारत होतीस ते मला माहीत आहे, पण तलावाचं पाणी जागच्या जागी असतं. नदीत पडलीस तर पहिली गोष्ट, उभं राहायची घाई करायची नाही. वाहत्या पाण्यात पाय टेकायला गेलं की तळाच्या दगडांत तो अडकतो आणि पाणी माणसाला पुढे आडवं पाडतं. पाठीवर व्हायचं, पाय पुढे, बोटं पाण्याबाहेर, आणि हातांनी तिरकं काठाकडे सरकायचं. दुसरी गोष्ट, काठाला पाण्यात झुकलेली झाडंझुडपं. तिथे टॅमारिस्कची झुडपं माजली आहेत. फांद्यांमधून पाणी निघून जातं, माणूस अडकतो. त्यांच्यापासून लांबूनच वल्हव.

आता सायकल बांधण्याविषयी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळी गंमत आणि निम्मी गडबड याच कामात असते. गाईड भराभर बांधून देईल, तू बाजूला उभी राहून फोटो काढशील, हे मला आत्ताच दिसतंय. तसं करू नकोस. त्याला बांधू दे, मग सगळं सोडून तू स्वतः बांध आणि त्याला तपासायला सांग.

पेडल आधी काढ. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे नेहमीच्या दिशेने जोर लावत बसलीस तर ते आणखी घट्ट होईल. मग दोन्ही चाकं काढायची. चाकं खाली, त्यावर फ्रेम आडवी, गिअरची बाजू वर. पुढच्या दातेरी चकतीला जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा जाड मोजा गुंडाळ. ब्रेकची डिस्कही होडीच्या कापडाला टेकता कामा नये. ही होडी म्हणजे प्लास्टिकचा लेप दिलेलं नायलॉन. ते चांगलं चिवट असतं, पण तासन् तास एकाच जागी घासणाऱ्या दात्यापुढे तेही हार मानतं. होडीच्या नाकावर चार कड्या असतात, चार पट्टे त्यांतून ओवायचे आणि ताणायचे. झालं असं वाटलं की फ्रेम धरून गदागदा हलव. सायकलबरोबर अख्खी होडी हलली तर बांधणी बरोबर. नुसती सायकल हलली तर पुन्हा बांध. पट्ट्यांची लोंबती टोकं खोचून टाक. पाण्यात पडल्यावर हात किंवा पाय अडकेल असा एकही फास कुठे राहता कामा नये, आणि स्वतःला होडीशी कशानेही बांधून घ्यायचं नाही, वल्ह्याची दोरीसुद्धा मनगटात नको.

मग होडीत बसून कोरड्या वाळूवरच वल्हं मारून बघ. हँडल आडवं येतं का? पुढचं दिसतं का? सायकलच्या वजनाने नाक दबतं, म्हणून बाकीचं जड सामान मागच्या बाजूला हवं. काही होड्यांना नळ्यांच्या आत सामान ठेवायला हवाबंद चेन असते. ती लावण्याआधी तिच्या दातांमधली वाळू बोटाने आणि ओल्या फडक्याने पुसून काढ. वाळूचा एक कण राहिला तरी हवा गळते, आणि ते कळतं नदीच्या मधोमध.

हवेचं गणितही समजून घे. होडी काठावर उन्हात घट्ट फुगवलेली असते. पाण्यात घातली की आतली हवा थंड होते, आकसते आणि होडी ढिली पडते. होडी बिघडलेली नसते. पाण्यात पाच मिनिटं ठेवून वर तोंडाने आणखी हवा भरायची. आणि जेवायला थांबलात की उलटं: तापलेल्या वाळूवर भरगच्च फुगलेली होडी सोडून जायचं नाही, थोडी हवा काढायची.

सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्याच दिवशी, लोमाच्या संथ पाण्यात, मुद्दाम उलटायचं आणि पुन्हा आत चढायचं. सायकल बांधलेली असताना. नुसती होडी कुणीही सुलटी करेल. नाकावर सायकल असताना तीच होडी फिरवायला किती जोर लागतो हे पाण्यात उतरल्याशिवाय कळत नाही. गाईडच्या वेळापत्रकात हे नसेल, "गरज पडणार नाही" असंही कदाचित तो म्हणेल. तरी हट्ट धर. कपडे ओले होतील, बाकीचे ताटकळतील, होऊ दे.

मी इतकं टोकतेय त्यामागे एक कारण आहे. या होड्या ज्यांनी घडवल्या त्यांच्याजवळ गाईड नव्हते. ब्रिटिश नौदलातल्या पीटर हॅल्केटने १८४०च्या दशकात रबर लावलेल्या कापडाचा एक झगा केला होता: अंगात घातला तर पावसाळी झगा, फुगवला तर होडी, आणि छत्री उघडली की शीड! नौदलाला त्याचा उपयोग दिसला नाही, पण जॉन रे यांनी त्याची होडी आर्क्टिकमध्ये खरोखर वापरली. पुढे १९८२ साली अलास्कातल्या एका रानवाटेच्या शर्यतीत पंचावन्न वर्षांच्या डिक ग्रिफिथनी पिशवीतून फुगवायची होडी काढली आणि नदीकाठी खोळंबलेली तरणी पोरं बघत राहिली. १९९६ साली रोमन डायल आणि त्यांच्या दोन साथीदारांनी अलास्का रेंज सायकल आणि अशाच होड्या घेऊन पार केली. आज तुम्ही वापरता त्या धाटणीच्या होड्या शेरी टिंगी यांनी शिवायला घेतल्या, त्याही मुलाच्या अलास्कातल्या लांबच्या भटकंतीवरून. यातल्या प्रत्येकाला आपली होडी आतून-बाहेरून माहीत होती. तुला एका रात्रीत तेवढी माहीत होणार नाही, पण सुरुवात तिथूनच व्हावी.

गाईडला विचारायचे प्रश्न आधी विचार. वाहत्या पाण्यातल्या बचावाचं शिक्षण घेतलंय का, दवाखान्यापासून लांब असताना करायच्या प्रथमोपचारांचं घेतलंय का, धंद्यासाठी सरकारी जमिनीवर लोक न्यायचा परवाना आहे का. संकोच कसला? सहीसाठी जो कागद पुढे येईल, त्यात जोखीम तुझी आहे असं स्वच्छ लिहिलेलं असतं. तो कागद वाचून सही कर.

मुक्कामाची जागा परवान्यावर आधीच ठरलेली असते. वाटलं तिथे तंबू ठोकता येत नाही, म्हणून ठरल्या जागी पोचणं भाग. आणि त्या खोऱ्यात दुपारनंतर बहुधा तोंडावर वारा येतो. पॅकराफ्ट हलकी आणि बुटकी, वाऱ्यापुढे तिची डाळ शिजत नाही. वल्हं थांबवलंस तर उलटी मागे जायला लागशील. सकाळी लवकर निघा. बरोबरचे चहा रेंगाळत पीत असतील तर तू बोल. मुक्कामाला उतरल्यावर होडी झाडाला बांध किंवा आत दगड ठेव. रात्री वारा सुटला की मोकळी होडी पतंगासारखी उडून जाते, आणि सकाळी तुझ्याजवळ सायकल उरते, तीही पेडल काढलेली.

आता जे ताई सांगणार नाही ते. आपल्याकडे नदीत लघवी करणं पाप म्हणून शिकवतात. तिकडे नियम उलटा आहे: लघवी नदीतच किंवा पाण्याच्या कडेच्या ओल्या वाळूत. वाळवंटात पाऊस कमी, त्याच जागी रोज नवी मंडळी उतरतात, कोरड्या वाळूत केलेलं तिथेच साचतं आणि वास मारतं. एवढी मोठी नदी ते सहज वाहून नेते. बाकी सगळं पिशवीत बांधून परत आणायचं, पॅडसुद्धा. पाळीची तारीख बघून ठेव आणि गाईड बाई आहे की बाप्या, ते आधीच विचार. शेकोटीही लोखंडी परातीतच, राखसुद्धा परत येते. तंबूपासून चालताना काळपट खडबडीत मातीवर पाय देऊ नकोस. तो थर जिवंत असतो, त्यात शेवाळ आणि दगडफुलाची भावंडं असतात. एका पावलात मोडतो आणि भरून यायला कित्येक वर्षं लागतात.

पाणी गढूळ असतं. फिल्टर लगेच तुंबतो, म्हणून बादलीत रात्रभर निवळू द्यायचं. तिकडचे जुने राफ्टवाले त्यात तुरटी टाकतात, हे बघून मला माहेरचं कुणी भेटल्याचा आनंद झाला होता. तू तुरटी घेऊन जा, गाईडवर छाप पडेल.

ब्लॅक रॉक्सला होडी थांबवून त्या काळ्या दगडावर हात ठेव. वरचे लाल कडे वालुकाश्माचे, पण तो काळा खडक सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा. रूबी कॅन्यनमध्ये काठाने रेल्वे जाते. कॅलिफोर्निया झेफिर गेली तर राफ्टवाली मंडळी प्रवाशांना काय दाखवतात ते तुला दिसेलच. तू हात हलव. कड्यावर रंगाने काढलेली कोलोराडो-युटाची हद्दही तिथेच आहे.

आणि उतरायची जागा नकाशावर स्वतः बघून ठेव. वेस्टवॉटरचा काठ चुकला तर पुढे वेस्टवॉटर कॅन्यन लागतं, तिथलं पाणी तुमच्यासारख्या नवशिक्यांचं नाही. गाईड सांगेलच. तरी तुला माहीत असू दे.

कुठल्याही वळणावर नको वाटलं तर "नको" म्हण. बहुतेक ठिकाणी काठाला लागून चालत जाता येतं. चांगला गाईड त्यावर चकार शब्द काढत नाही. जो काढेल, त्याच्याबरोबर परतीचा प्रवासही जपून कर.

ताईला मी सांगेन की नदी उथळ आहे. तू वेगळं काही सांगू नकोस. परत आलीस की आंघोळीआधी साखळी धू, पूस आणि तेल दे, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती लाल झालेली दिसेल.

तुझी,
मावशी

ता. क. पेडल काढायचा पाना आणि अंगाला नीट बसणारं लाइफ जॅकेट माझ्याकडे आहे, विकत घेऊ नकोस. शनिवारी ये आणि घेऊन जा. येताना फोर्ट कॉलिन्सच्या त्या दुकानातली इडलीची रवा-डाळ आण.