शेततळ्यांतील माशांस लसूण व आघाडा

बागेच्या पाण्यासाठीं बांधलेल्या शेततळ्यांत पुष्कळ शेतकरी आतां रोहू, कटला व मृगळ सोडतात. जोडधंदा चांगला, परंतु गोठ्यांतील जनावराचा आजार डोळ्यांस दिसतो, मासा मात्र पाण्याखालीं असतो. त्याच्या अंगावर लाल चट्टे व व्रण दिसेपर्यंत रोग पसरलेला असतो. आणि आजारी मासा खाणें सोडीत असल्यानें खाद्यांतून उपाय करण्याची वेळही टळलेली असते. म्हणून जें करावयाचें तें मासा निरोगी असतांनाच केलें पाहिजे.

या व्रणांस पुष्कळदां एरोमोनास हायड्रोफिला हा जंतु कारण होतो. तो पाण्यांत नेहमींच असतो व माशाची शक्ति घटली कीं उचल खातो. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत रोहूस दर किलो खाद्यामागें १, ५ व १० ग्रॅम लसूण ६० दिवसांपर्यंत दिला व मग हाच जंतु टोंचला. लसूण खाल्लेले मासे अधिक संख्येनें जगले. २००६ सालच्या प्रयोगांत किलोमागें ५ ग्रॅमपर्यंत आघाड्याचें बीं देऊन असाच गुण आढळला. बांधावरचें तण म्हणून आपण उपटतों तोच हा आघाडा. अशा वनस्पतींनीं माशाच्या शरीरांतील जंतुभक्षक पेशींस जोर येतो व लायसोझाइम हें जंतुनाशक द्रव्य वाढतें.

कृति सोपी आहे. सरासरी २०० ग्रॅमचे ५०० मासे असल्यास एकूण वजन १०० किलो. शेंकडा ३ प्रमाणें रोजचें खाद्य ३ किलो व त्यास लसूण ३० ग्रॅम. सोललेला लसूण ठेंचून दहा मिनिटें ठेवावा, म्हणजे त्यांतील ॲलिसिन तयार होतें. नंतर शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा समभाग घेऊन मळलेल्या खाद्यांत तो मिसळून गोळे करावे. लसूण शिजवूं नये. उष्णतेनें गुण जातो. मात्रा दुप्पट केल्यानें गुण दुप्पट होत नाहीं.

हे प्रयोग हौदांतील आहेत, हें मात्र विसरूं नये. मासे दाटीनें सोडले, उरलेलें खाद्य तळाशीं कुजूं दिलें, तर लसूण काय करणार? व्रण दिसतांच मासा मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यास दाखवावा. दुकानदाराच्या सांगण्यावरून क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान घालूं नये. मत्स्यसंवर्धनांत त्यांस बंदी आहे, आणि तो मासा अखेर कोणाच्या तरी ताटांत जावयाचा असतो. स्वच्छ पाणी, बेताची संख्या व मूठभर लसूण, हा क्रम आमच्या वाचकांनीं उलटा करूं नये.