शिवीची खोड

शिवी कुणी पोटातून शिकून येत नाही. ती कानातून तोंडात येते. ठेच लागली, डाव गेला, की ऐकलेला शब्द आपोआप बाहेर पडतो.

"गुरुजी, शिवी दिली की बरं वाटतं," असे सातवीतला एकजण म्हणाला. ते अगदीच खोटे नाही बरं का! इंग्लंडमध्ये कील विद्यापीठात २००९ साली एक प्रयोग झाला. विद्यार्थ्यांना बर्फासारख्या गार पाण्यात हात धरायला सांगितले. साधा शब्द म्हणताना जेवढा वेळ हात टिकला, त्यापेक्षा शिवी देताना जास्त टिकला. पण २०११ मध्ये पुढचे कळले. ज्यांना उठताबसता शिव्या द्यायची खोड होती, त्यांना हा फायदा फारच कमी झाला. म्हणजे रोजच्या शिवीत दम राहत नाही. ऐकणाऱ्याला त्रास मात्र तेवढाच होतो.

आणि ऐकायचे कुणी? भांडण दोघांचे, चेंडू हरवला म्हणून. त्यात ओढायची कुणाला, तर घरी भाकरी थापणाऱ्या आईला! मला याचा फार राग येतो.

पुण्यात बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीसमोर भिडे वाडा होता. तिथे १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शाळेत चालत जात, तेव्हा लोक शिव्या देत, अंगावर शेण-चिखल टाकत. त्या जादा लुगडे बरोबर नेत आणि शाळेत पोचल्यावर बदलत. शिकवणे काही थांबवले नाही. तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला.

आता अलीकडचे ऐका. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यात सौंदाळा गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव केला, की आईबहिणीवरून शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंड. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासे याच तालुक्यातले. ठराव मला आवडला. पण दंडाने चावडीवर तोंड आवरते. एकटा माणूस बैल हाकताना काय बोलेल, तिथे पावती फाडायला कोण जाणार?

म्हणून आपल्या वर्गात वेगळी युक्ती चालू आहे. शिवी गेली, की ज्याने त्याने वहीच्या शेवटच्या पानावर रेघ मारायची आणि कधी गेली ते लिहायचे. बहुतेक रेघा मधल्या सुट्टीतल्या निघाल्या, त्याही हरल्यावरच्या. नुसते गप्प बसणे जमत नाही, म्हणून प्रत्येकाने बदली शब्द घेतला. "आयला" चालेल का, यावर अर्धा तास वाद झाला. "त्यात आईच आहे की," असे एक मुलगी म्हणाली, आणि तो शब्द बाद झाला. एकाने "भोपळा" घेतला. परवा कबड्डीत हरल्यावर अख्खा संघ "भोपळा! भोपळा!" ओरडला. पहिलीची पोरेही आता तेच ओरडत हिंडतात.

शनिवारी वह्या आणा. रेघा मोजू.